वाहून आलेल्याच्या वतीने

भोंगा वाजला त्याच्या मिनिटभर आधी मी मुळ्याच्या लोणच्याची एक फोड जपानी जेवणाच्या काड्यांनी उचलायच्या खटपटीत होतो. फोड सारखी निसटत होती आणि समोर बसलेली मृदुला हसू दाबत होती. शेवटी तिला राहवेना. तिने आपल्या काड्या पुढे करून फोडीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघं मिळून ती फोड माझ्या वाटीकडे नेऊ लागलो. तेवढ्यात देवळाच्या वृद्ध गुरुजींचा हात मध्ये आला. रागाने नाही, दिव्याभोवती आडोसा धरावा तसा.

मृदुलाने जीभ चावली आणि फोड ताटलीत परत गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोघांच्या काड्या एका घासाला लावायच्या नसतात, सर. तसं फक्त अस्थी उचलताना करतात. इतकी वर्षं राहतेय इथे, आणि मीच विसरले."

मी काड्या खाली ठेवल्या. कुठे चुकलं की हात मागे घ्यायचा, हा माझा जन्माचा स्वभाव. मी जपानी पद्धतीने वाकून क्षमा मागावी की आपल्या पद्धतीने हात जोडावेत, याचा विचार करत होतो, तोच बाहेर खांबावरचा कर्णा ओरडू लागला. पाठोपाठ मृदुलाचा मोबाइल आणि गुरुजींचा मोबाइल. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, पण तो धोक्याचा आहे हे कुणी सांगायची गरज पडली नाही.

"सर, टेबलाखाली."

"कशासाठी?"

"आधी खाली, मग कशासाठी."

ते टेबल गुडघ्याइतकंही उंच नव्हतं. डोकं आणि खांदे आत गेले, बाकीचा मी बाहेरच राहिलो. कर्ण्यातून एका बाईचा शांत आवाज तेच तेच सांगत होता, आणि मृदुला माझ्या कानाशी मराठीत. उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडल्याचा अंदाज आहे. पक्क्या इमारतीत किंवा तळघरात जावं.

"इथे तळघर आहे?"

तिने गुरुजींना विचारलं. गुरुजी उठून किटलीखालचा गॅस बंद करत होते. ऐंशी ओलांडलेला माणूस, हात सतत कापायचे. खटका दोनदा चुकला. मग ते म्हणाले की तळघर नाही. पक्की इमारत म्हणाल तर हीच, छप्पर तीनशे वर्षांचं आहे. एवढं सांगून ते आपल्या जागी येऊन बसले.

"आत्ता कुठे असेल ते?" मी विचारलं.

"बहुतेक आपल्या डोक्यावर."

मी वर पाहिलं. टेबलाच्या खालच्या अंगाला सुताराची पेन्सिलची खूण होती. बाजूला पाहिलं तर उघड्या दारातून अंगण दिसत होतं आणि तेंदूसारख्या फळांनी लगडलेलं एक झाड. त्यावर एक कावळा निवांत फळ टोचत होता. कसलाही आवाज नाही. अख्खं शहर एका श्वासात संपवील अशी आग वाहून नेण्यासाठी घडवलेली वस्तू, आकाश जिथे काळं होतं त्याच्याही वरून, एका देशाच्या किनाऱ्यावरून दुसऱ्या देशाच्या छपरांवरून तिसऱ्याला दाखवण्यासाठी चालली होती, आणि झाडाचं पान हलत नव्हतं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या आधी जे वाटलं ते निराळं होतं. फार मोठी मूर्ती पहिल्यांदा पाहून लहान मूल आपोआप गप्प होतं, तसं काहीतरी. आजही मला ते याहून नीट सांगता येत नाही.

थोड्या वेळाने कर्ण्यातली बाई पुन्हा बोलली. ते जपानवरून पुढे गेलं होतं आणि पलीकडच्या महासागरात पडलं होतं.

"आता चहा," गुरुजी म्हणाले आणि गॅस पुन्हा पेटवायला उठले.

मी तिथे कसा पोचलो तेही सांगायला हवं. वाईच्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. सिद्धम् नावाची एक जुनी लिपी आहे. आपल्याकडून ती कधीच गेली, जपानातल्या देवळांत अजून जिवंत आहे. मृतांच्या नावाच्या फळ्यांवर भिक्षू तीत बीजाक्षरं लिहितात. तिच्यावर मी आयुष्यभर घरात बसून वाचत आलो. वाचण्यापलीकडे केलं ते एवढंच, तिच्यावरचं एक पुस्तक अर्धवट लिहून ठेवलं. निवृत्तीनंतर माझी विद्यार्थिनी मृदुला सरंजामे, जी पुण्यात जपानी शिकून तिकडे एका कंपनीत दुभाषी झाली होती, तिने परस्पर सगळं ठरवून टाकलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या इसोनो या कोळ्यांच्या गावात एका देवळात या लिपीतली जुनी पानं होती, आणि एइशुन नावाच्या तिथल्या वृद्ध भिक्षूंना ती भारतातून आलेल्या कुणाला तरी दाखवायची होती. मृदुला त्यांना माझ्याशी बोलताना गुरुजीच म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. "जगात तुमची वाट पाहणारं एक देऊळ आहे, सर, आणि तुम्ही तिथे जायला लाजताय," असं ती फोनवर म्हणाली होती. तर असा मी गेलो.

चहा ओतला जात असताना अंगणात रबरी बुटांचा आवाज आला. कुदो नावाचे गृहस्थ होते. सत्तरीचे, पण खांदे अजून बैलासारखे. स्क्विड, म्हणजे माकूल, पकडणारी त्यांची छोटी होडी होती, आणि देवळाशी जोडलेल्या घरांचे ते प्रमुख होते. त्यांच्या संमतीशिवाय गुरुजींना देवळात नव्या कुणाच्या अस्थी ठेवता येत नसत. त्या दिवशी नेमक्या त्याच गोष्टीचा प्रश्न होता.

आठवडाभरापूर्वीच्या वादळानंतर गावाच्या खडकांवर एक लाकडी होडी फुटलेली सापडली होती. फळ्यांवर कोरियन अक्षरं होती. आणि थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागलेला एक माणूस. पोलिसांनी पाहिलं, नाव-गाव काही मिळालं नाही. त्या दिवशी सकाळी नगरपालिका त्याचं दहन करणार होती. तिकडच्या अशा होड्या त्या किनाऱ्यावर अधूनमधून येत, तळाला माणसं मरून पडलेली. जुनी इंजिनं, थोडं तेल, आणि मासे आणलेच पाहिजेत असा हुकूम. त्यापायी ती माणसं आपल्या किनाऱ्यापासून फार दूर येत आणि परत जाऊ शकत नसत. गुरुजींनी याआधी अशा दोघांच्या अस्थी देवळात ठेवून घेतल्या होत्या. हा तिसरा.

कुदो आत आले नाहीत. पायरीवर बसले, पाठ अर्धी आमच्याकडे.

"गुरुजी, होडी धक्क्याला लावत होतो. रेडिओवर ऐकलं."

"मी गॅस बंद केला होता," गुरुजी म्हणाले.

"गॅस." कुदोंनी मान हलवली. "माझा नातू शाळेत जायच्या रस्त्यावर होता. गटाराच्या कडेला पालथा झोपला, हात डोक्यावर घेऊन. तसंच शिकवलंय त्यांना. गणवेश चिखलाने भरलाय. आई धुतेय आणि रडतेय."

मृदुला माझ्यासाठी भराभर, हलक्या आवाजात सांगत होती. "यांची बोली मलाही निम्मीच कळते, सर," ती मध्येच म्हणाली.

"त्यांना अमेरिकेला भीती घालायची असते," कुदो म्हणाले. "अमेरिकेला त्यांना. चीन मध्ये बसून हसतो. भांडण थोरामोठ्यांचं आणि जायचा रस्ता आमच्या कौलांवरून. आणि आज, आजच्याच दिवशी, त्यांच्या माणसाला आमच्या बापजाद्यांच्या शेजारी ठेवायचं म्हणता."

"त्याने ते सोडलं नव्हतं, कुदो-सान. तो मासे धरायला आला होता."

"आमचे मासे."

"हो. तुमचे मासे." गुरुजींनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. चहा थोडा सांडला. "तुम्ही नाही म्हणालात तर मी ठेवणार नाही. तो तुमचा अधिकार आहे. मग पालिका त्याला गोदामातल्या फळीवर ठेवील, आणि काही वर्षांनी बेवारशांच्या खड्ड्यात. मी फक्त एवढं विचारतो, त्याच्या अस्थी उचलायला तरी याल का? प्रत्येक हाडाला दोन माणसं लागतात. मी एकटा आहे."

"नाही."

"बरं."

कुदोंनी चहाला हात लावला नाही. उठताना त्यांची नजर चुकून गाभाऱ्याकडे गेली. तिथे आधीच्या दोघांचे कलश पांढऱ्या कापडात होते. भाजावं तशी त्यांनी नजर काढून घेतली. तेव्हा मला वाटलं, हा राग आहे.

ते गेल्यावर गुरुजी माझ्याकडे वळले आणि मृदुलाशी काहीतरी बोलले. मृदुला थोडी अवघडली.

"सर, ते विचारतायत, तुम्ही दुसरं माणूस व्हाल का."

"मी? मी त्याचा कोण?"

"कुणीच त्याचं कोणी नाही, म्हणून तर विचारतायत."

"अगं, पण मला काड्या धरता येत नाहीत. आत्ताच पाहिलंस ना."

"पाहिलं," ती म्हणाली. "सगळ्या गावाने पाहिलं असतं तरी त्यांनी तुम्हालाच विचारलं असतं."

नाही म्हणायलाही धीर लागतो. तो माझ्यात नव्हता, म्हणून मी गेलो.

दाहगृह टेकडीवर होतं. काचेतून समुद्र दिसत होता, राखाडी आणि अगदी सपाट. त्याच समुद्रावरून सकाळी ते गेलं होतं. पाण्यावर रेघसुद्धा नव्हती. पालिकेचा पन्नाशीचा एक कारकून काळा टाय लावून हजर होता, हातात रिकामा कलश. त्याने गुरुजींना विचारलं, कलश देवळात जाणार की गोदामात. गुरुजी म्हणाले, गोदामात. कारकुनालाही वाईट वाटलं असावं, कारण त्याने कलशाची जागा उगाच बदलली.

मग लोखंडी तबक बाहेर ओढलं गेलं. पांढरी हाडं, माणसाच्या आकारात. आपल्याकडे असं दिसत नाही. आपल्याकडे राख आणि लाकडाचे कोळसे एक होऊन जातात. इथे तो माणूस पूर्ण होता, फक्त त्याचं सगळं काही काढून घेतलेलं. तो कितीसा उंच होता हे कळत होतं. माझ्याएवढाच.

कारकुनाने काड्या दिल्या. एक बांबूची, एक दुसऱ्या लाकडाची. मुद्दाम विजोड, जेवणाच्या काड्यांपासून वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून.

"दोघांनी मिळून एक हाड उचलायचं," मृदुला कुजबुजली. "पायांपासून सुरुवात. डोकं शेवटी. म्हणजे कलशात तो उभा राहतो, उलटा होत नाही. आणि आवाज होऊ द्यायचा नाही."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"काय झालं, सर?"

"हे मला माहीत आहे," मी म्हणालो.

खरंच माहीत होतं. आपल्या फार जुन्या विधिग्रंथांत हेच सांगितलं आहे. एकेक अस्थी वेगळी उचलावी, आधी पाय, शेवटी डोकं, आणि पात्रात ठेवताना आवाज करू नये. मी ते वाचलं होतं, वर्गात शिकवलं होतं, त्यावर एक टीपही लिहिली होती. पण पाहिलं कधीच नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा कृष्णेच्या काठी एका माणसाने पत्र्याच्या तुकड्याने राख ओढली, हाताला लागल्या त्या अस्थी गाडग्यात टाकल्या आणि म्हणाला, चला, मागचे थांबलेत. त्याला दोष नाही; मागचे खरंच थांबले होते. मला वाटलं होतं की तो जुना विधी पुस्तकातच मेला. आणि आता तो माझ्यासमोर होता, हजारो मैलांवर, माझ्याच हातात विजोड काड्या देऊन थांबलेला. कुणी आणला, कुठल्या वाटेने, किती जणांच्या मरणांतून चालत आला असेल, याचा विचार करताना माझ्या अंगावर काटा आला. सकाळी टेबलाखाली जसा गप्प झालो होतो तसाच पुन्हा गप्प झालो.

पण हात काही सुधारले नाहीत. गुरुजींच्या काड्या कापत होत्या, माझ्या घसरत होत्या. पायाच्या बोटाचं एक लहानसं हाड आम्ही दोघांनी धरलं, तबकापासून चार बोटं वर नेलं, आणि ते पडलं. टक्‌ असा आवाज झाला. कारकुनाने मान खाली घातली.

"मृदुला, तू घे. माझ्याने नाही होणार."

तिने आपला हात पुढे करून दाखवला. तोही थरथरत होता.

आम्ही पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. गुरुजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण ते एकदम फार म्हातारे दिसू लागले. त्या माणसाला गोदामात जायचं होतं ते जायचंच होतं, पण निदान उभं राहून जावं एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तीही आमच्या हातांमुळे जाते आहे असं दिसत होतं.

तेव्हा दार सरकलं. कुदो होते. बूट बाहेर काढून ठेवलेले, समुद्रावरच्या कपड्यांवर काळा कोट चढवलेला. ते सरळ तबकापाशी आले.

"गुरुजी, सरका जरा."

गुरुजी सरकले. कुदोंनी त्यांच्या हातातून काड्या घेतल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"पकडू नका," मृदुलाने त्यांचं बोलणं मला सांगितलं. "खालून नुसतं टेकवा. बाकीचं मी करतो म्हणतायत."

मी टेकवलं. ते हाड उचललं गेलं. कसं ते मला कळलं नाही. ते माझ्या काड्यांवर होतं आणि त्यांच्याही, आणि पाखराचं पीस वाऱ्यावर तरंगावं तसं कलशापर्यंत गेलं. आवाज झाला नाही. मग दुसरं. मग पोटऱ्यांची, गुडघ्यांची. त्या राकट बोटांनी आयुष्यभर दोर ओढले होते, आणि आता त्यांच्यात कापसाचं वजन होतं. खोलीत आमच्या श्वासांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

कंबरेपर्यंत आल्यावर कुदो थांबले. बोलले ते गुरुजींशी, पण पाहत होते हाडांकडे.

"याला मी आधीच पाहिलं होतं. समुद्रात."

गुरुजींनी मान वर केली.

"वादळाच्या आदल्या दिवशी. डाव्या अंगाला, पालथा तरंगत होता. त्यांच्याकडचं जाकीट ओळखलं. त्या दिवशी रेडिओवर त्यांच्याच धमक्या चालल्या होत्या. मी सुकाणू फिरवलं." ते थोडे थांबले. "माझ्या बापाने असा एकही सोडला नाही. त्याच्या बापानेही नाही. मी सोडला. आणि दोन दिवसांनी हा माझ्याच होडी ओढायच्या उतारावर येऊन पडला. गावात एवढे उतार आहेत."

मृदुलाने मला थोडक्यात समजावलं. समुद्रात वाहत आलेलं प्रेत म्हणजे तिथल्या जुन्या कोळ्यांच्या मते एबिसु, म्हणजे मासळी देणारा देवच. तो दिसला की हातातलं काम टाकून त्याला होडीत घ्यायचं. घेण्याआधी त्याला विचारायचं, मासे देशील का. आणि होडीतल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच्या वतीने उत्तर द्यायचं, देईन. तो शब्द झाला की त्याला घरी न्यायचं, नीट क्रियाकर्म करायचं. एबिसुला पाण्यात सोडून जाणं हे तिथे कुणापाशी तोंडातूनही काढू नये असं पाप होतं.

"सकाळी होडीत एकटा होतो," कुदो म्हणत होते. "रेडिओवर ते सुरू झालं आणि मी वर पाहिलं. काही दिसलं नाही. याला सोडलं म्हणून ते माझ्या नातवाच्या डोक्यावरून गेलं, असं मी म्हणत नाही. तेवढा अडाणी नाही. पण मनात आलं ते हेच."

"आता विचारा," गुरुजी म्हणाले.

"उशीर झाला."

"त्याला कुठे जायची घाई आहे?"

कुदोंनी काड्या आडव्या ठेवल्या. "उत्तर कोण देणार? तुम्ही त्याच्यासाठी मंत्र म्हणणार, तुम्हाला चालत नाही. हा कारकून सरकारी." कारकून अदबीने एक पाऊल मागे झाला. "ही पोर आता इथलीच झालीये." मग ते माझ्याकडे पाहू लागले, आणि सगळेच पाहू लागले.

"सर," मृदुला म्हणाली, "तुम्हीही समुद्रापलीकडून आलात, असं म्हणतायत."

"मी काय करायचं?"

"काही नाही. ते विचारतील, मासे देशील का. तुम्ही म्हणायचं, देईन. शाळेच्या गॅदरिंगला मागून आवाज द्यायचा असतो ना, तसं."

"पण मी कोण त्याच्या वतीने—"

"सर," तिने मला अडवलं.

कुदो त्या हाडांपुढे ताठ उभे राहिले. कमरेतून वाकले. मग विचारलं. दोन वाक्यं होती. विचारून झाल्यावर ते वाकलेलेच राहिले.

मृदुलाने तोंड उघडलं आणि मिटलं.

"देईन म्हणू?" मी विचारलं.

"थांबा. त्यांनी मासे नाही मागितले."

"मग?"

ती शब्द शोधत होती. इतकी वर्षं दुभाष्याचं काम करणारी मुलगी. "ते म्हणतात, मासे नकोत. तुमच्याकडून ते जे येतं... ते आमच्या पोरांवर पडणार नाही ना, एवढं सांग."

काचेपलीकडे समुद्र होता. त्या समुद्राच्या काठाकाठाने चार-पाच राजधान्या होत्या, आणि त्यांतल्या मोठ्या मोठ्या खोल्यांमध्ये हाच प्रश्न कित्येक वर्षं पडून होता. फौजा बाळगणाऱ्यांना, नकाशे पसरून बसणाऱ्यांना त्याचं उत्तर देता आलेलं नव्हतं. आणि तो आता, एका मेलेल्या कोळ्याच्या नावाने, वाईच्या एका संस्कृत मास्तरापुढे येऊन उभा राहिला होता. शाळेत मुलं मला मागून 'बहुधा सर' म्हणत. कालिदासाचा काळ विचारा, बहुधा. परीक्षेत हा प्रश्न येईल का, बहुधा. घरीसुद्धा मी जेवायला कधी येणार याचं उत्तर तसंच द्यायचो. खोटं बोलायची भीती, दुसरं काय. आणि इथे तर खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्या माणसाकडे पाहिलं. कलशात तो कंबरेपर्यंत उभा होता आणि उरलेला तबकात आडवा होता. तो काय म्हणाला असता? त्याच्याही घरी कुणी पोर असेल. तिकडेही भोंगे वाजत असतील, आणि रस्त्याच्या कडेला पालथं झोपायला शिकवत असतील. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी मला ते इतकं स्पष्ट दिसलं, की माझं तोंड माझ्या आधी उघडलं.

"नाही पडणार," मी म्हणालो.

मराठीत म्हणालो. आवाज माझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा निघाला. मृदुला जपानीत सांगायला लागली, तर वाकलेल्या कुदोंनी तसाच तळहात वर केला.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "या वाहून आलेल्याचीही भाषा आम्हाला येत नाही. कळलं."

मग ते सरळ झाले, काड्या उचलल्या, आणि आम्ही पुढे सुरू केलं. बरगड्या, खांदे, हात. अगदी शेवटी त्यांनी मानेतलं एक लहान हाड वेगळं काढलं आणि माझ्यापुढे काड्यांवर धरलं. मान वाकवून, हात जोडून बसलेल्या माणसासारखा त्याचा आकार होता. प्रत्येक माणसाच्या गळ्यात असा एक बुद्ध बसलेला असतो, असं ते लोक मानतात. जन्मभर तो आपण बोलतो त्या आवाजापाशी बसून असतो आणि शेवटच्या आगीनंतरच दिसतो. आम्ही दोघांनी तो उचलला. या वेळी माझ्या काड्या घसरल्या नाहीत. तो आत ठेवला, वर कवटीचा तुकडा ठेवला, आणि कुदोंनी झाकण लावलं.

"देवळात," ते कारकुनाला म्हणाले आणि खिशातून सहीऐवजी वापरायचा आपला शिक्का काढून त्यांनी संमतीच्या कागदावर उठवला. मग कलश पांढऱ्या कापडात बांधला, बाहेर आपल्या छोट्या ट्रकमध्ये नेला आणि शेजारच्या आसनावर ठेवून त्याला पट्टा लावला. गुरुजींना मात्र मागे आमच्याबरोबर बसावं लागलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटेत ते एकदाच बोलले. त्यांनी मृदुलाला विचारलं की ह्यांनी काय उत्तर दिलं ते तुला तरी कळलं ना. कळलं, ती म्हणाली. मग ठीक आहे, ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गुरुजी गेले. कुदोंनी त्यानंतर दोघांना समुद्रातून बाहेर आणलं, असं मृदुलाने कळवलं. सिद्धम् लिपीवरचं माझं पुस्तक अजून पुरं झालेलं नाही. बहुधा होणारही नाही.

मी त्या दिवशी खरं बोललो की खोटं, हे मला आजवर कळलेलं नाही, कारण त्या गोष्टीचा निकाल लागायचाच आहे. न्यायशास्त्राची, म्हणजे तर्काची, पुस्तकं वाचलेला माणूस मी. माझ्या दोन शब्दांनी अस्त्रांच्या वाटा बदलत नाहीत एवढं मला कळतं. पण दुसऱ्याच्या वतीने शब्द दिला की तो दुसरा मोकळा होतो आणि आपण अडकतो, हेही तेव्हाच कळलं. त्या लोकांनी तो प्रश्न मला का दिला असेल, याचं आश्चर्य माझं अजून ओसरलेलं नाही.

अजूनही मधूनच कधीतरी सकाळी टीव्हीवर ती बातमी येते. उत्तर कोरियाने पुन्हा सोडलं. नकाशावर एक लाल कमान दिसते, जपानच्या दिशेने झुकलेली. मी हातातला पेला खाली ठेवतो आणि पडद्याजवळ जाऊन उभा राहतो.

"बाबा, चहा गार होतोय," सून आतून म्हणते. "तुमचं कोण आहे हो तिकडे, एवढं बघायला?"

मी तिला हातानेच थांब म्हणून खूण करतो. ते अजून पडलेलं नसतं.